तीन नंबरचं गेज

“तीन नंबरच्या गेजशेजारची पेन्सिलची खूण काट्याच्या जाडीइतकी वर गेली आहे, ती खाली घ्या. तिच्याखालचा डाग मात्र बरोबर आहे,” सिस्टिमवालीनं पडद्यावरचं वाचून दाखवलं आणि बिस्किटाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. “बघा सर, काय एकेक लोक असतात! मला तर तिथं खूण आहे हेच माहीत नव्हतं.” विमानाच्या आतल्या यंत्रणा कॉम्प्युटरवर ती बसवते, म्हणून तिला सगळे सिस्टिमवाली म्हणतात. मी तिच्या मागं उभा होतो. सकाळचे अकरा वाजले होते, सहा कॉम्प्युटर खोलीत गरम हवा सोडत होते, आणि त्या बिस्किटाचा दुधाळ, गोडसर वास नाकात शिरला. मी खुर्ची ओढून बसलो. आमच्या या ऑफिसात जुनी प्रवासी विमानं बनवतात, म्हणजे कॉम्प्युटरवर चालवायची. लोक ती विकत घेतात, घरच्या टेबलाशी बसून उडवतात, कुठंही न जाता सात-सात तास प्रवास करतात आणि उतरताना धक्का जास्त बसला म्हणून हळहळतात. मी इथला सल्लागार. चार इंजिनांचं ते विमान खरोखर उडायचं तेव्हा त्याच्या कॉकपिटमध्ये एक तिसरा माणूस असायचा, फ्लाइट इंजिनिअर. दोघे पायलट पुढं बघायचे आणि तो आडवा बसून भिंतभर पसरलेल्या गेजकडं बघायचा. सव्वीस वर्षं मी असा भिंतीकडं बघत जग हिंडलो.

इथं आलो तेव्हा कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. बायकोनंच ढकललं होतं. “घरात बसून गॅसच्या शेगडीची चेकलिस्ट करण्यापेक्षा जा तिकडं,” म्हणाली. पहिले दोन महिने मी नुसता बोलत होतो आणि हे लोक टिपून घेत होते. पंप चालू केला की त्याचा दिवा लगेच विझत नाही, दोन सेकंद घेतो. चौथं इंजिन सुरू होताना बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. थंडीत तेलाचा काटा जागचा हलत नाही, त्याला बोटाच्या पेरानं टकटक करावं लागतं. सगळं त्यांनी विमानात घातलं. चारशे बारा बटणं, आणि प्रत्येकाला खरंच काही काम. एक विसरलात तर वीस मिनिटांनी फळ भोगा. गिऱ्हाइकाला तीन पर्याय दिलेले आहेत, सोपं, मध्यम आणि अस्सल. सगळे अस्सलच निवडतात आणि पहिल्या दिवशी इंजिनसुद्धा सुरू झालं नाही की आनंदानं वेडे होतात. इथवर ठीक होतं. मग रंगकाम करणारा दाढीवाला माझ्या मागं लागला. सीट नेमकी कुठं फाटली होती, सर? राख किती असायची? सीटखाली काय पडलेलं असायचं? मी थट्टेनं म्हटलं, “आमच्या एका कॅप्टनला बसल्याजागी नखं कापायची सवय होती, ती पडायची.” पंधरा दिवसांनी त्यानं मला बोलावून दाखवलं. सीटखाली नखं. पिवळट, बारीक, दोनचार वाकडी. गिऱ्हाइकांनी डोक्यावर घेतलं, नखांपर्यंत अस्सल म्हणून. त्या दिवसापासून मला या कामाची शिसारी बसली. माणसं तिथं घाबरायची, घामेजायची, एकमेकांवर खेकसायची. ती माणसं वजा करायची, त्यांची घाण तेवढी जपून ठेवायची आणि तिला खरं म्हणायचं, हे कसलं वेड? तरी मी येत राहिलो. घरी तरी काय करणार होतो.

आणि त्या घाणीत थोडी माझीही होती. पॅनलचे फोटो त्यांनी एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये काढले होते. मोडलेल्या विमानाचं नाक कापून त्यानं तिथं ठेवलं होतं. फोटो पहिल्याच दिवशी मला मोठे करून दाखवले आणि ते कोणतं विमान हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तीन नंबरच्या गेजशेजारी, पॅनलच्या करड्या रंगावर, पेन्सिलची आडवी रेघ आणि तिच्याखाली अंगठ्याएवढा काळपट डाग. मी बघितलं आणि पुढचा फोटो दाखवा म्हटलं. बघून न बघितल्यासारखं करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नंतर तो डाग सगळ्या गिऱ्हाइकांकडं गेला. नव्या आवृत्तीसाठी दाढीवाल्यानं पॅनल पुन्हा हातानं रेखलं तेव्हा बिचाऱ्यानं डागही मन लावून रेखला. तो माझ्या थुंकीचा डाग आहे. हजारो माणसांच्या घरात, त्यांच्या जेवणाच्या टेबलांवर, माझी एकतीस वर्षांपूर्वीची थुंकी आहे आणि ते तिच्याकडं कौतुकानं बघतायत.

“कोण आहे हा लिहिणारा?” मी विचारलं. माझा आवाज मलाच कुणा म्हाताऱ्याचा वाटला. “आपल्या चाचणीवाल्यांपैकी. नाव ‘बॉयलरवाला’ लावलंय,” ती म्हणाली. “फार काटेकोर माणूस. दीडशे चुका काढल्यात आणि एकही खोटी नाही. पण ही खूण कसली, सर? कारण आज चार वाजता आवृत्ती पक्की करून चाचणीवाल्यांना पाठवायचीय. नुसती रंगवलेली रेघ असेल तर खाली सरकवते. पण तिला काही अर्थ असेल तर गेजच तसं वागायला हवं ना? खरं काय होतं तेवढं सांगा, तसं करते.” ती माझ्याकडं वळून बघत होती. भली बाई आहे. चाळिशीची, दोन मुलांची आई, खरं विमान आतून एकदाही न बघितलेली, पण त्याच्या इंधनाच्या नळ्या माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ. खरं काय होतं तेवढं सांगा. जशी काही भाजीचा भाव विचारत होती. त्या रेघेची उंची काट्याच्या जाडीपर्यंत आजही लक्षात असेल अशी जगात दोनच माणसं. एक मी. आणि दुसरा लायसन्स गेल्यावर कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर लागला, हे मला उडत उडत कळलं होतं. तो माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ.

आम्ही त्याला पोथी म्हणायचो. विमानाचं मॅन्युअल हा माणूस उशाशी घेऊन झोपायचा. मीच त्याला या धंद्यात आणलं, मीच शिकवलं, आणि शिकवताना मीच त्याला चिडवायचो, “पोथी, पुस्तकात विमान उडत नसतं रे!” त्याला ते पटायचं नाही, पण भाऊजी म्हणतायत म्हणून हसायचा. तर ते तीन नंबरचं गेज, म्हणजे तीन नंबरच्या टाकीत इंधन किती ते सांगणारा काटा, कमी दाखवायचं. काटा बदलाच्या आकड्यावर आला की इंजिनं दुसऱ्या टाकीवर घ्यायची हा नियम. पण तोवर टाकीत बरंच इंधन शिल्लक असायचं, विमान एका कुशीला कलायचं आणि कॅप्टन कुरकुर करायचे. अशा वेळी लॉगबुकात लिहावं, गेज नादुरुस्त. पण लिहिलं की विमान दोन दिवस हँगरमध्ये, वेळापत्रकाचा बट्ट्याबोळ, आणि लिहिणाऱ्याला सगळे असं बघणार की यानंच विमान बिघडवलं. म्हणून मी एकदा टाकी मोजून काढली आणि आकड्याच्या खाली पेन्सिलनं रेघ मारली. काटा इथं आला की बदला. त्या विमानावर जाणाऱ्या इंजिनिअरांना तोंडी सांगितलं. आमच्यात असं चालायचं. कागदावर काही नसायचं, आणि ज्याला खुणा माहीत तो आपला. पोथीला सांगितलं तेव्हा त्यानं तोंड कडू केलं. मग म्हणाला, ठीक आहे.

पुढं विमान मोठ्या तपासणीला गेलं आणि तिथं गेज बदललं. नंतरच्या चाचणी उड्डाणाला मीच होतो. नवं गेज बरोबर दाखवतंय अशी सही मीच केली. खूण पुसायला हवी हे मला त्याच क्षणी सुचलं होतं, हेही सांगतो. खोडरबर नव्हतं. अंगठ्याला थुंकी लावली आणि घासलं. रेघ गेली नाही, खाली डाग तेवढा पडला. पेन्सिल रंगात बसली होती. नंतर स्पिरिट लावून पुसू म्हटलं आणि चहाला गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोथी मला ऑफिसच्या बोळात भेटला. बॅग हातात, टोपी काखेत. मी रजेच्या अर्जावर साहेबाची सही घ्यायला निघालो होतो आणि साहेब तेवढ्यात निघून जातो की काय या घाईत होतो. “भाऊजी,” तो म्हणाला, “लॉगबुकात तीन नंबर बदलल्याचं लिहिलंय, पण खूण तशीच आहे. मग खुणेवर घ्यायचं की आकड्यावर?” साहेबाच्या दारावरून नजर न काढता मी म्हणालो, “खूण आहे ना? मग खुणेवर.” तो म्हणाला, “बरं.” एवढंच बोलणं. मी रजा घेतली होती ती बायकोला घेऊन चार दिवस समुद्रावर जाण्यासाठी. अर्ज मंजूर झाला.

उतरायला दोन मिनिटं असताना काटा खुणेच्या अजून वर होता आणि टाकी कोरडी पडली; तळाचं इंधन काटा धरतो, पण पंपाला ते ओढता येत नाही. उजवीकडची दोन्ही इंजिनं त्याच टाकीवर चालली होती. विमान धावपट्टीच्या कडेला आपटलं, चाकं तुटली, शेपटाजवळ दुभंगलं. मेलं कुणी नाही. मागं बसलेल्या एअर होस्टेसचा कणा मोडला आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. चौकशीत पोथीला विचारलं, गेज बदलल्याची नोंद वाचली होती का? वाचली होती. मग आकड्यावर का बदललं नाही? तो म्हणाला, मी सिनिअरला विचारलं होतं. मग सिनिअरला बोलावलं. खोलीत लांब टेबल होतं, पाण्याचे झाकलेले ग्लास होते, आणि मधल्या साहेबाच्या नाकातले केस बाहेर आले होते. मी त्या केसांकडं बघत बोललो. “असल्या खुणा तपासणीत मेकॅनिक मारतात. इंजिनिअरनं पुस्तकाप्रमाणं जावं. असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.” तीन वाक्यं, आणि त्यातलं मधलं तर शंभर टक्के खरं. पोथी समोरच्या बाकावर बसला होता. तो उठला नाही, ओरडला नाही. फक्त तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिला, लहान मुलाला पहिल्यांदा कुणी थोबाडीत मारल्यावर ते बघतं तसा. पुस्तक सोडून त्यानं जन्मात एकदाच माणसाचं ऐकलं होतं.

ओरडला तो नंतर, आमच्या घरी येऊन. दारात उभा राहून, शेजारीपाजारी ऐकत असताना. तुझा नवरा खोटारडा आहे ताई, विचार त्याला, माझ्यासमोर विचार! बायको माझ्याकडं वळली. “अहो, विचारलं होतं का यानं तुम्हाला?” आणि मी म्हणालो, “नाही गं. बिथरलाय तो, त्याचंही बरोबर आहे.” हे शेवटचं मला आजही छळतं. चौकशीतल्या खोट्याला निदान भीती होती, नोकरी होती. पण त्याला वर दया दाखवायची मला काय गरज होती? बायकोनं त्याला सांगितलं, माझ्या नवऱ्याबद्दल असं बोलणाऱ्याला या घराचं दार बंद. एकदा बोलली की ती बोलली. त्यांची आई गेली तेव्हा ही दोन भावंडं एका खोलीत पाठीला पाठ लावून बसली होती आणि मी सगळ्यांना चहा देत हिंडत होतो. एकतीस वर्षं तिनं त्याचं नाव काढलं नाही. फोटोंच्या अल्बममधली चार पानं तिनं एकमेकांना चिकटवून टाकली आहेत. अल्बम कधी हातात आला की ती जाड पानं बोटाला लागतात आणि मी पटकन पुढं उलटतो.

“सर?” सिस्टिमवाली म्हणाली. मी म्हणालो, “काही अर्थ नाही त्या खुणेला. तपासणीत मेकॅनिकनं मारली असेल. काढून टाका.” शब्द जिभेवर तयारच होते, त्याच क्रमानं आले. तिनं शेजारचा थोडा करडा रंग उचलला आणि खुणेवर, डागावर पसरला. पाच सेकंद लागले असतील. पॅनल स्वच्छ, गुळगुळीत. “गेलं,” ती म्हणाली. आणि मला हायसं वाटलं. खरंच, छातीवरचं काहीतरी उचलल्यासारखं इतकं बरं वाटलं की पुढच्याच क्षणी घशात कडू पाणी आलं आणि मी उठून बेसिनकडं पळालो. सकाळचा चहा पडला. बेसिनच्या जाळीत कुणाचे तरी केस अडकले होते, त्यावर तो फेसाळत राहिला. मी तोंड धुतलं, आरशात बघितलं. खालची कवळी जरा सरकली होती, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. बाहत्तर वर्षांचा सज्जन दिसणारा माणूस. माझ्या अंगाचा, माझ्या व्यवस्थित कापलेल्या मिशीचा, या चेहऱ्यावर विश्वास टाकलेल्या प्रत्येकाचा मला वीट आला. आता तो बॉयलरवाला चार वाजता विमान उघडेल, तीन नंबरकडं बघेल आणि तिथं काहीच नसेल. दुसऱ्यांदा.

परत येऊन म्हणालो, “ती परत आणा.” आणि सांगून टाकलं. बसून, नीट, जसं मी तिला पंप आणि व्हॉल्व्ह समजावतो तसं. गेज कमी दाखवायचं, मग बदललं, खूण राहिली. कुणी पुसली नाही, कुणी विचारलं, कुणी हो म्हटलं, सगळं. “कुणी म्हणजे मी,” असंही म्हणालो. मला वाटलं होतं तिचा चेहरा उतरेल. ती लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिचे डोळे चमकायला लागले. “सर, हे सोनं आहे! म्हणजे जुनं गेज आणि नवं गेज, दोन्ही ठेवते. कोणत्या उड्डाणाला कोणतं ते चालवणाऱ्याला कळणारच नाही. लॉगबुक वाचलं तरच कळेल. आणि वाचलं तरी खूण बघून गोंधळेल. याहून अस्सल काय असणार?” तिच्या ओठांना बिस्किटाचा चुरा लागला होता. मी तिला राक्षसीण म्हणायच्या बेतात होतो, पण कशाच्या जोरावर? ती निदान लॉगबुकात लिहीत होती. “त्या एअर होस्टेसचं काय?” मी विचारलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. “केबिन आपण केलेलं नाहीये, सर. फक्त कॉकपिट.” मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं टायपिंग थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला त्यांच्याशी बोलायचंय का? बॉयलरवाल्यांशी? फॉर्मवर नंबर आहे.”

फोन तिसऱ्या रिंगला उचलला. “हॅलो.” मी म्हटलं, “मी बोलतोय.” एकतीस वर्षांनी फोन करून माणूस ‘मी बोलतोय’ म्हणतो, आणि तरी त्यानं ओळखलं. “एक मिनिट भाऊजी,” तो म्हणाला, “उतरतोय.” फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मागं चार इंजिनं चालली होती. तो आवाज मीच कान देऊन पास केला होता, सहा महिन्यांपूर्वी. त्यावर पोथीचा आवाज, जाडसर, वयस्क झालेला, एकटाच एकेक ओळ वाचत होता आणि एकटाच उत्तर देत होता. टाक्या आपापल्या इंजिनांवर? घेतल्या. पंप? चालू. इंधन? आकडे त्यानं एकामागून एक वाचले आणि तीन नंबरचा दोनदा वाचला. मी दुसऱ्याच्या ऑफिसात फोन कानाला लावून बसलो होतो. चाकं टेकल्याचा आवाज आला, बारीकसा. इंजिनं एकेक करून बंद केली. घाई अजिबात नव्हती त्याला. “हं. बोला.”

“ती खूण माझी होती,” मी म्हणालो. “तू मला विचारलं होतंस आणि मी खुणेवर म्हणालो होतो. मला आठवत होतं. चौकशीतही आठवत होतं.”

“ते मला कशाला सांगताय? मी तिथंच होतो की.”

सिस्टिमवाली उठून बाहेर गेली होती. तो खोकला. मग विचारलं, “ताईला सांगितलंत?”

“नाही.”

“मग चुकीच्या नंबरला फोन लागलाय तुमचा,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

घरी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. बायको पडद्याला दुमड घालत मशिनवर बसली होती. “आज लवकर? बरं नाही का?” मी पंख्याखाली उभा राहिलो, चपलासुद्धा काढल्या नाहीत. तिला सांगताना मी खुणेपासून सुरुवात केली, टाकी, आकडा, गेज. ती मध्येच म्हणाली, “ते नको. त्यानं तुम्हाला विचारलं होतं का, ते सांगा.” मी म्हणालो, “विचारलं होतं.” तिनं मशिनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलेलंच होतं. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. मी वाट बघत होतो ती आरडाओरड्याची. थोबाडीत मारली असती तर मला फार बरं वाटलं असतं, आणि तेही मला कळत होतं, की या क्षणीही मी माझ्या बरं वाटण्याचीच सोय बघतोय. “आईच्या वेळी त्यानं माझ्या खांद्याला हात लावला होता,” ती म्हणाली. “मी झटकला.” तिच्या आवाजात रडू नव्हतं. कपड्याचा हिशोब चुकल्यावर शिंप्याशी बोलते तशी ती बोलत होती. मग तिनं मांडीवरचा पडदा घडी करून बाजूला ठेवला, दोऱ्याचे तुकडे पदरावरून झटकले आणि हात पुढं केला. “नंबर द्या त्याचा.”

मी खिशातली चिठ्ठी दिली. तिनं चष्मा लावून आकडे एकदा मनाशी वाचले, फोन उचलला आणि पहिलं बटण दाबण्याआधी थांबली. माझ्याकडं बघितलं, अनोळखी माणूस घरात शिरल्यावर बघावं तसं, पण शांतपणे.

“तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा,” ती म्हणाली.

मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. आतून तिनं कडी लावून घेतली.